हरिपाठाआधीचा अर्धा तास

22 जानेवारी 2025, बुधवार

आमच्या पाड्याची दिंडी पहाटे निघाली. शनिवारी पौष वद्य एकादशी, त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची यात्रा. सूर्यमाळच्या माळावर या दिवसांत पहाटेचा गारठा हाडांत शिरतो. तरी म्हातारीकोतारी अनवाणी चालत खोडाळ्याच्या दिशेने गेली. भजनी मंडळाचे बुवा दिंडीबरोबर गेले, टाळकरी गेले, वीणेकरी गेला. मागे राहिल्या तीन आज्या, दोन बाळंतिणी आणि शाळेमुळे मी.

आणि मागे राहिलं अंगण. विठोबाच्या पत्र्याच्या देवळाला लागून पोरांसाठी खेळण्यांची एक जागा आहे: दोन झोपाळे, एक घसरगुंडी, एक सी-सॉ, चढायचा लोखंडी सांगाडा. खेळणी पंचायतीच्या निधीतून आली. बसवणारे आले तसे गेले, पुन्हा कोणी फिरकलं नाही. इथल्या पावसात लोखंड दोन वर्षांतच सोलायला लागतं. एकदा हरिपाठ चालू असताना झोपाळ्याची पाटी तुटली आणि एका मुलीचा हात मोडला. भजन अर्ध्यात थांबलं. त्या रात्री मंडळाने ठरवलं ते आजतागायत चालू आहे: दर रविवारी आणि दर एकादशीला, हरिपाठाआधी अर्धा तास अंगणात. माळ घातलेली असो वा नसो, ज्याला यायचंय त्याने यावं.

सध्या खेळायला पोरं नाहीत. दिवाळी झाली की निम्मा पाडा वीटभट्ट्यांवर जातो, भिवंडीकडे, कल्याणकडे, वसईकडे. चिमण्या पोरांना मागे ठेवणार कोणाकडे? तीही जातात. माझ्या हजेरीपटावर नावं आहेत, वर्गात आवाज नाही.

26 जानेवारी, रविवार

सकाळी झेंडावंदन. दुपारी आज्या झाडू घेऊन हजर. दिंडी परतलेली नाही, तरी रविवार चुकवायचा नाही म्हणाल्या. तिघींनी मिळून सागाची वाळलेली पानं ओढली. मी विचारलं, पोरंच नाहीत तर झाडायचं कशाला? त्यातली थोरली म्हणाली, "बाय, देव झोपला तरी दिवा लावतोच ना आपण?"

2 फेब्रुवारी, रविवार

दिंडी आली. बुवांच्या टाचा फुटल्यात, तरी आज पाना त्यांच्याच हातात.

झोपाळ्याचं काम मी आज जवळ बसून पाहिलं. साखळी ज्या कडीत अडकते ती कडी बाहेरून धडधाकट दिसते. झिजते ती आतल्या बाजूने, जिथे लोखंडावर लोखंड घासतं तिथे. बुवा साखळी उचलतात, कडी उलटी करतात आणि नखाने चाचपतात. नख खाचेत अडकलं की कडी बदलायची. त्यांना मोजमाप असं ठाऊक नाही. नखच त्यांचं माप. मग तारेच्या ब्रशने गंज काढायचा, चिंधीने पुसायचं, बोटभर ग्रीस लावायचं. नटाखाली वायसर घालून नट घट्ट आवळायचा. शेवटी स्वतः झोपाळ्यावर बसून दोन मोठे झोके घ्यायचे. सत्तरीचा माणूस, गळ्यात तुळशीची माळ, धोतर सावरत झोके घेतो आणि कान देऊन ऐकतो. साखळी करकरली की पुन्हा उतरायचं.

घसरगुंडीच्या पायथ्याशी भाताचा तूस टाकलाय. गिरणीवाला फुकट देतो. पावसात कुजतो, म्हणून दर उन्हाळ्यात नवा टाकावा लागतो. वाळू इथे मिळायची कुठून?

हे सगळं झालं आणि हात धुऊन माणसं टाळ घेऊन बसली. मला वाटतं, ग्रीसचा वास गेलेला नसताना म्हटलेला हरिपाठ पांडुरंगाला अधिक पोचत असेल. हे मी मनापासून लिहितेय.

23 फेब्रुवारी, रविवार

गाडगेबाबांची जयंती. 1876 साली आजच्या दिवशी अमरावतीकडल्या शेणगावात जन्म. वर्गात पोरं थोडी होती तरी काल त्यांची गोष्ट सांगितली: गावात आले की आधी खराटा, दिवसभर रस्ते-गटारं साफ, रात्री कीर्तन. लोकांनी दिलेल्या पैशाची देवळं बांधली नाहीत, नाशिक-पंढरपूरला धर्मशाळा बांधल्या. एका मुलाने विचारलं, झाडताना ते देवाचं नाव घेत का? मी म्हटलं, तुझ्या बुवांनाच विचार की. आज त्याने विचारलं. बुवा म्हणाले, "झाडताना धूळ तोंडात जाते, नाव कसं घेणार? झाडून झालं की घ्यायचं."

दरवर्षी याच सुमारास निरंकारी मिशनचे सेवादल देशभर नद्यांचे, तलावांचे काठ साफ करतात. मिशनचे दिवंगत प्रमुख बाबा हरदेव सिंह यांची जयंतीही आजच. 2023 पासून मिशनने या मोहिमेला 'प्रोजेक्ट अमृत' नाव दिलंय. आपल्या ठाणे-पालघर-रायगड पट्ट्यात डॉ. नानासाहेब धर्माधिकारी प्रतिष्ठानच्या श्रीसदस्यांच्या मोहिमा कित्येकांनी पाहिल्या आहेत. सकाळी शिस्तीत येतात आणि एसटी स्थानकापासून कचेऱ्यांपर्यंत सगळं लख्ख करून, कोणाकडे चहाही न मागता जातात. जव्हारला मी एकदा तशी मोहीम पाहिली होती. एवढी माणसं आणि एवढी शांतता.

त्या कामाबद्दल मला आदरच आहे. पण झोपाळ्याला मोहीम पुरत नाही. रस्ता घाण झाला तर दिसतो. कडी आतून झिजते ती दिसत नाही, तिला दर आठवड्याला कोणाचं तरी नख लागतं. आमच्या मंडळाकडे पैसा नाही, गाडी नाही, बॅनर नाही. आहे ती तिथी. एकादशी कोणी विसरत नाही, कारण त्या दिवशी पोटात अन्न नसतं. पंचायतीच्या ठरावाला जे जमलं नाही ते पंचांगाने जमवलं. सार्वजनिक जागा राखायच्या असतील तर त्या अशा कुठल्यातरी न चुकणाऱ्या दिवसाला बांधाव्यात, असं माझं ठाम मत झालंय. मग तो दिवस शुक्रवारच्या नमाजाचा असो, रविवारच्या मिस्साचा असो, नाहीतर एकादशीचा.

9 मार्च, रविवार

आज वाद झाला, चांगलाच.

हरिनाम सप्ताहाचा हिशेब होता. घरटी शिधा गोळा झाला होता, तांदूळ, नाचणी, थोडी डाळ. भंडारा उरकून काही धान्य उरलं. बुवांचं म्हणणं, ते विकून दोन्ही झोपाळ्यांची साखळी बदलावी. दोन-तीन जुने माळकरी उठले: सप्ताहाचं धान्य अन्नदानालाच गेलं पाहिजे, लोखंडाला नाही, लोकांनी देवाच्या नावाने दिलंय. त्यांचंही चुकीचं नव्हतं. ज्या घरात दुपारची चूल पेटेल की नाही सांगता येत नाही त्या घरानेही त्यात मूठभर घातलेलं असतं. 1992-93 मध्ये पलीकडे वावर-वांगणीला कुपोषणाने लेकरं गेली, तो काळ या म्हाताऱ्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलाय. त्यांच्या लेखी अन्न सगळ्यांच्या वर.

खूप वेळ कोणी बोललं नाही. मग आज्यांपैकी एकीने तोडगा काढला. उरलेल्या धान्याचा येत्या आठवड्यात पुन्हा भंडारा करायचा, होळीला भट्टीवरून येणाऱ्या पोरांसाठी, आणि साखळीसाठी वेगळी मूठ काढायची. रोज भात शिजवताना एक मूठ तांदूळ बाजूच्या डब्यात, महिनाभर. ज्याला जमेल त्याने. देवाचं देवाला, पोरांचं पोरांना. सगळ्यांनी मान्य केलं. मीही माझ्या खोलीत एक डबा ठेवलाय.

15 मार्च, शनिवार

होळी झाली. इकडे होळीला माणूस कुठेही असला तरी घरी येतोच. खोडाळ्याच्या, मोखाड्याच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. बुधवारपासून जीपगाड्या पाड्यावर माणसं उतरवत होत्या.

अंगण भरलं! आठ-दहा पोरं एका झोपाळ्यासाठी रांगेत. त्यांचे हात विटांच्या मातीने खरबरीत झालेत. एका मुलीने घसरगुंडीवरून उतरता उतरता सांगितलं की भट्टीवर ती उलटवलेल्या विटांची रांग मोजते, आई म्हणते म्हणून. आकडे तिला शंभरापर्यंत येतात, शाळेत वीसपर्यंतच शिकवले होते.

पोरांनी बोहाडा मांडला, म्हणजे मुखवटे लावून देव-राक्षसांची सोंगं. सागाच्या पानाला डोळ्यांची भोकं पाडून मुखवटे, डबा हा ढोल. एक रावण, एक गणपती, दोन राक्षस. सांगाड्यावर चढून रावणाने आरोळी ठोकली तेव्हा देवळातल्या आज्या हसून हसून लोटपोट झाल्या. मोठ्यांच्या बोहाड्यात मुखवटा धरणाऱ्याचं घराणं ठरलेलं असतं. इथे ज्याने आधी पान तोडलं तो रावण.

पुन्हा सोमवारी-मंगळवारी ही सगळी भट्टीवर परतणार. विधायक संसदेने एकेकाळी वसई-भिवंडीकडच्या भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांशेजारी तशाच झोपडीत शाळा. पोरं जिथे आहेत तिथे शाळेने जायचं. तो विचार आजही तितकाच खरा आहे, आणि तितकाच अपुरा राबवला गेलाय.

30 एप्रिल, बुधवार

अक्षय तृतीया. विहिरीचा तळ दिसतो. टँकर आला की हंड्यांची रांग लागते. मुंबईची तहान भागवणारं मध्य वैतरणा धरण आमच्याच मोखाडा तालुक्यात आहे. पाड्यावर मात्र उन्हाळ्यात बायांच्या डोक्यावरचा हंडा उतरत नाही. याचा राग येतो आणि तो यायलाच हवा.

अंगणाच्या कडेला गेल्या पावसाळ्यात करंज, जांभूळ, दोन मोह आणि एक उंबर लावलाय. झोपाळ्यांवर सावली हवी. भर दुपारी घसरगुंडीचा पत्रा इतका तापतो की मांडी पोळते. टँकरचं पाणी झाडाला घालायचं नाही, हा बायकांचा नियम आहे आणि तो योग्य आहे. मग देवळात हातपाय धुतलेलं पाणी, भांडी विसळलेलं पाणी एका पिंपात जमतं. हरिपाठाला येणाऱ्याने त्यातलाच एक तांब्या आपल्या झाडाच्या बुडाशी ओतायचा. प्रत्येक झाड कोणाचं तरी आहे. एका मोहाने मान टाकली होती. आज पाहिलं, बुडाशी नखाएवढी तांबूस पालवी आहे.

माझ्या डब्यातली मूठ आणि सगळ्यांची मिळून साखळी आली. जव्हारच्या बाजारातून बुवांचा नातू एसटीने घेऊन आला, खांद्यावर टाकून. वेल्डिंगवाल्याने मजुरी घेतली नाही. तो माळकरी नाही. त्याच्या घरी हिरवा देव पुजतात. म्हणाला, पोरं तर माझीही झोके घेतात.

27 मे, मंगळवार

पाऊस वेळेच्या फार आधी आला. रविवारी मान्सून कोकणात पोचला, काल मुंबईत. इथे तर गेला आठवडाभर कोसळतोय. राब भाजून झाले होते म्हणून बरं. काहींचे पेंढ्याचे ढीग भिजले.

खेळण्यांचं रंगकाम अर्ध्यात राहिलं. रेड ऑक्साइडचा हात सांगाड्याच्या निम्म्या पाईपांना लागला होता, उरलेले तसेच. रंग ओल्या लोखंडावर बसत नाही. दोन तरुणांनी ताडपत्री बांधून आतल्या आत पाईप कोरडे पुसले आणि घासलेट-ग्रीसचा हात दिला. पावसाळाभर तेवढ्यावर निभेल. पोरांचे कपडे काळे होतील, ते धुता येतात.

भट्ट्यांवर कच्च्या विटा भिजल्या म्हणून माणसं लवकर परतली आहेत. हातात ठरल्यापेक्षा कमी पैसे आहेत. काहींची उचल फिटलेली नाही, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच जावं लागणार. घराघरांत याच गोष्टी. अंगणात मात्र चिखलात लोळून पोरं घसरगुंडीवर चढतात आणि पत्रा साबणासारखा गुळगुळीत होतो.

16 जून, सोमवार

शाळा उघडली. वर्गात जागा पुरेना!

पहिल्या दिवशी धडा घेतला नाही, सगळ्यांना अंगणात नेलं. याच जिल्ह्यात, डहाणूकडे, हे फार आधी कोणी तरी करून ठेवलंय. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढे 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली पाड्यांतली लेकरं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. माँटेसोरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती म्हणून बिया, शिंपले, खडे, पानं घेतली. आधी पोरांना आंघोळ घातली, डोकी विंचरली, मग शिकवलं. 1975 पासून देशात सुरू झालेल्या अंगणवाड्यांचं बीज या टेकड्यांत आहे, हे आमच्या पालघरने अभिमानाने सांगायला हवं.

ताराबाईंचं काम धार्मिक नव्हतं. तरी मला त्यांचं आणि आमच्या माळकऱ्यांचं नातं जवळचं वाटतं. दोघांनीही पोर आपल्याकडे येईल याची वाट पाहिली नाही.

आज सी-सॉवर दोघांनी वजनाचा धडा स्वतःच शिकून घेतला. जाडा मुलगा पुढे सरकला की हलक्याचं वर जाणं थांबतं, हे त्यांनी मला समजावून सांगितलं.

6 जुलै, रविवार

आषाढी एकादशी, आणि रविवारही. आवणीचे दिवस, सगळी माणसं गुडघाभर चिखलात. अर्ध्या तासाची दहा मिनिटं झाली. बुवांनी कड्या तेवढ्या चाचपल्या. बाकी राहू द्या म्हणाले, भात आधी.

17 ऑक्टोबर, शुक्रवार

वाघबारस. अंगणाच्या मागच्या बांधावर वाघोबाचा जुना लाकडी पाट आहे, त्यावर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेले. अंगण सपाट करताना तो हलवायचा का, असा प्रश्न मागे निघाला होता, तेव्हा भगत आणि बुवा दोघे बसले आणि अंगणच चार हात अलीकडे घेतलं. आज सकाळी गुराख्यांनी तिथे नारळ फोडला, संध्याकाळी त्याच पोरांनी झोपाळे ओढले. कोणाला त्यात काही वेगळं वाटत नाही. मंडळातला एक तरुण बाहेरून शिकून आलाय, त्याने देवळाच्या कुंपणात वाघोबा नको असं काही तरी मांडलं. बुवांनी वाद घातला नाही. त्याला वाघोबापुढचं गवत काढायला सांगितलं.

2 नोव्हेंबर, रविवार

कार्तिकी एकादशी. फाट्यावर ट्रक लागलेत. उद्यापासून पाडा रिकामा व्हायला लागेल.

आज अंगणात काम थोडं आणि बोलणं जास्त झालं. कोण राहणार, कोण जाणार, कोणाचं झाड कोणी सांभाळायचं. भट्टीवर निघालेल्या एका बापाने, तो मृदंग वाजवतो, टायर आणून टाकला. गेल्या वर्षी भट्टीजवळ त्याच्या पोराने विटांच्या ढिगावर खेळताना पाय मोडून घेतला होता. यंदा तिथल्या चिंचेला टायर बांधीन म्हणतो. रविवारी संध्याकाळी तिथले चार टाळकरी जमवीन, आधी झोपाळा बघू, मग हरिपाठ. मालक हो म्हणेल का, असं कोणी तरी विचारलं. त्याने खांदे उडवले. म्हणाला, झाड तर रस्त्याच्या कडेचं आहे.

आज्यांनी त्याला तांदळाच्या डब्यातले पैसे दिले. बुवांनी जुनी साखळी काढली, झिजलेल्या कड्या बाजूला टाकल्या आणि उरलेली त्याच्यापुढे ठेवली.

"दोर बांधू नको," ते म्हणाले. "भट्टीच्या धगीने दोर कडक होतो, तुटतो. हीच ने. आणि फांदी बघून घे, चिंचेची वाळकी फांदी वरून हिरवी दिसते."